पोरगा मैदानात पळतो, म्हणून हृदय ठणठणीत?

दादर-माहीमच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय. म्हणे, तरुणांची हृदयतपासणी हा लॅबवाल्यांचा धंदा. पोरगा मैदानात पळतोय ना, मग ठणठणीत आहे. तरुण पोरं अचानक जातात ती कोविडच्या लशीमुळे. आणि अटॅक आलाच तर जोरजोरात खोकत राहायचं. खाली शिवाजी पार्कात पोरांना नेटला सोडणाऱ्या पालकांचे अंगठे.

यातलं ‘पळतोय म्हणजे ठणठणीत’ सगळ्यात घातक. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, साधारण 500 माणसांत एकाला असतो. कित्येकांना काडीचाही त्रास नसतो, ते झकास खेळतात. ठोके बिघडतात ते बऱ्याचदा ऐन जोर लावताना. म्हणून पोरगा धावता धावता भोवळ येऊन पडला, तर ‘उपाशी होता, ऊन लागलं’ म्हणत लिंबू सरबत पाजून परत बॅटिंगला धाडू नका. आधी डॉक्टर.

आणि घरात विचारा: पन्नाशीच्या आत अचानक कोण गेलं? नीट खोदून विचारा, कारण आपल्याकडे ही माहिती भलत्याच नावाखाली असते. पट्टीचा पोहणारा मामा ‘विहिरीत बुडाला’, एवढंच सांगतात. लाँग क्यूटी या हृदयाच्या विजेतल्या आनुवंशिक दोषाच्या एका प्रकारात पोहतानाच ठोके बिघडतात, हे कुणाच्या गावीही नसतं. या चौकशीला छदाम लागत नाही.

लशीचं म्हणाल, तर आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, 18 ते 45 वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध केला. लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. वाढवणाऱ्या गोष्टींत होतं घरातला अचानक मृत्यू, कोविडमुळे झालेलं ॲडमिशन, आदल्या दोन दिवसांतलं बेसुमार पिणं. घरातल्या मृत्यूचा प्रश्न इथेही आलाच.

धंद्याचा आरोप मात्र अर्धा खरा. विशीतल्या धडधाकट पोराला हजारोंचं ‘हार्ट पॅकेज’ कशाला? सरसकट ईसीजी काढावा की नाही, यावर जगभर दुमत आहे. इटलीत 1982 पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना तो सक्तीचा. अमेरिकन हार्ट असोसिएशन सगळ्यांसाठी आग्रह धरत नाही, आधी घरचा इतिहास आणि साधी तपासणी म्हणते. पण भोवळ किंवा घरात असा मृत्यू असेल, तर केईएम, सायन, नायरला केस पेपर काढा. ईसीजी म्हणजे हातापायांना चार चिमटे, छातीवर सहा बटणं, पाच मिनिटांचं काम. गरज वाटली तर डॉक्टर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगतील.

ईसीजी नॉर्मल आला म्हणजे आयुष्यभराची हमी, असंही नाही. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन नियमित तपासण्या होऊनही 2021 च्या युरो स्पर्धेत मैदानात कोसळला.

खोकण्याबद्दल काय बोलावं! हृदय थांबलेला माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, खोकणार कोण? 108 ला फोन लावा, छातीच्या मधोमध जोरात दाबा, मिनिटाला 100 ते 120 वेळा. एरिक्सन वाचला तो मैदानातच मिळालेल्या या दाबांमुळे आणि हृदयाला दिलेल्या विजेच्या शॉकमुळे.