गातातु म्हणजे तीन

सोलापुरात रात्रीचे नऊ वाजले, जेवणं उरकली की आमच्या शाळेच्या ग्रुपवर वादाला तोंड फुटतं. रवांडात तेव्हा साडेपाच झालेले असतात आणि मी पिवळे कॅन घेऊन नळाच्या रांगेत उभा असतो. आमच्या भागात पाणी रोज येत नाही. पहिल्या आठवड्यात संस्थेतले युरोपीय सहकारी यावरून हवालदिल झाले होते. मी दुसऱ्याच दिवशी बाजारातून दोन कॅन आणि झाकणाचा बॅरल घेऊन आलो. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात वाढल्याचा असा उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं.

पाण्याचं जमलं. उकडलेली हिरवी केळी आणि घेवडा यांचंही जमलं. आईने दिलेली शेंगा चटणी संपेपर्यंत जरा जास्तच बरं जमलं. भाषेचं मात्र जमेना.

दोन वर्षांच्या बोलीवर आलोय. राहायला खोली, महिन्याला थोडा भत्ता, आणि काम म्हणजे प्राथमिक शिक्षकांबरोबर गणित. कागदावर मी शिकवणाऱ्यांना शिकवणारा, बाजारात मात्र अडीच वर्षांचं पोर. टोमॅटोच्या ढिगाकडे बोट दाखवायचं, नोट पुढे करायची, परत येईल ते मुकाट्याने खिशात टाकायचं. ज्या इंग्रजीच्या जोरावर इथवर आलो ती टोमॅटोवालीला येत नाही, आणि तिचं काही अडत नाही.

ग्रुपवरचा वादही भाषेचाच. पहिलीपासून हिंदी आणायचा निर्णय सरकारने 29 जून 2025 ला मागे घेतला, तेव्हा वाटलं आता शांतता होईल. पण गाडी लगेच मराठी माध्यम की इंग्रजी याकडे वळली, आणि दर वेळी मला साक्षीला ओढतात. एक म्हणतो, ‘इंग्रजी आली म्हणूनच हा तिकडं पोचला.’ दुसरा डॉ. कोटणीसांना पुढे करतो : ‘ते चीनला जाऊन चिनी शिकले, त्यांचं कुठं अडलं?’ 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी आमचे कोटणीस चिनी शिकले, तिथलेच झाले, हे खरंच. पण मुंबईत वैद्यकी शिकले ती इंग्रजीतून. त्यामुळे ते दोन्ही बाजूंचे वकील होऊ शकतात, आणि ग्रुपवर तसे होतातही.

इथे हा वाद सरकारनेच तीनदा फिरवलाय. 2008 मध्ये फ्रेंच जाऊन शाळांत इंग्रजी आली. 2011 मध्ये पहिल्या तीन इयत्ता पुन्हा किन्यारवांडात, म्हणजे इथल्या घरच्या भाषेत, गेल्या. 2019 च्या शेवटी पुन्हा पहिलीपासून इंग्रजी असं ठरलं. शेजारच्या पूर्व आफ्रिकी देशांशी व्यापार, नोकऱ्या, अशी त्यामागची कारणं काही पोकळ नाहीत. पण ते सगळं शेवटी एका बाईंच्या फळ्यावर येऊन पडतं. त्या स्वतः फ्रेंचमधून शिकल्या, इंग्रजी त्यांनी नोकरीत असताना उचलली.

तिसरीचा वर्ग, साठेक मुलं, एका बाकावर चार. दाराबाहेर होतो तेव्हा आत चांगला गलका चालला होता. बाई किन्यारवांडात काहीतरी विचारत होत्या, पोरं एकमेकांवर ओरडत उत्तरं देत होती. मी आत पाऊल टाकलं. बाईंनी मला पाहिलं, हातातली वही पाहिली, आणि त्या इंग्रजीत शिरल्या. ‘वन थर्ड.’ वर्गाने एका सुरात म्हटलं, ‘वन थर्ड.’ मग भरत्या बादलीवरचा नळ जावा तसं सगळं बंद. माझ्या फॉर्मवर ‘वर्गात इंग्रजीचा वापर’ असा एक रकाना होता. पहिले तीन महिने मी अशाच वर्गांना भरघोस गुण दिले. त्याची अजून लाज वाटते.

माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं घरच्या भाषेतच जावीत. पण सोलापुरात घरची भाषा म्हणजे कुणाची? पूर्व भागातल्या आमच्या शाळेत माझ्या शेजारी बसणारा मित्र घरी तेलुगू बोलायचा. पाढे खणखणीत मराठीत म्हणायचा, हातच्याची बेरीज आली की ओठ तेलुगूत हलायचे. गुरुजी थांबायचे, घाई करायचे नाहीत. ‘मातृभाषेतून शिक्षण’ असं ठणकावून लिहिणाऱ्यांच्या डोळ्यापुढे हा पोरगा येत नाही. तोही ग्रुपवर आहे. या वादात तो कधीच काही लिहीत नाही.

दादाचा फोन आला, पुतण्याच्या ॲडमिशनचा. मी माझं मत सांगितलं तर म्हणाला, ‘तू स्वतः सेमी इंग्रजीत शिकलास, आता आमच्या पोराला मराठीत घाला म्हणायलास होय बे?’ उत्तर सुचलं नाही. टोमॅटोवालीसुद्धा पोरीला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायला पैसे साठवतेय. तिला आणि वहिनीला मूर्ख ठरवून आपला मुद्दा जिंकता येत नाही.

मी आता वही घरी ठेवतो आणि मागच्या बाकावर बसतो. मधल्या सुट्टीत पोरांनी मला आकडे शिकवले : रिम्वे, काबिरी, गातातु. माझ्या उच्चारांवर ती लोळून हसतात. मागच्या मंगळवारी मी शिरलो तेव्हा बाई बोलायच्या थांबल्या नाहीत. घेवड्याच्या दाण्यांचं भांडं तेवढं माझ्या हातात दिलं आणि प्रत्येक बाकावर बारा-बारा ठेवायला खुणेने सांगितलं, तीन सारखे वाटे करण्यासाठी. मी मोजत निघालो. तिसऱ्या बाकावरच्या पोरीने माझा हात धरला, दाणे पुन्हा मोजले, आणि एक परत दिला.