फुकट शिकायला मिळतंय, आता बसायला जागा द्या

नाशकात अभ्यासिकांना तोटा नाही. कॉलेज रोड, सिडको, नाशिकरोड, कुठेही जा, वरच्या मजल्यावर बोर्ड असतोच: एसी, वायफाय, चोवीस तास. आत एमपीएससीची, पोलीस भरतीची मुलं मान खाली घालून बसलेली. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण ज्याला कुठली भरती द्यायची नाही, फक्त एक विषय नीट शिकायचाय, तो माणूस या शहरात कुठे बसणार? आज त्याबद्दल लिहितोय.

शिकायला आज काय नाही? आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००३ मध्ये एनपीटीईएल हा ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. २०१७ मध्ये ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी सरकारचं ‘स्वयम’ हे व्यासपीठ आलं. व्हिडिओ, दर आठवड्याचा गृहपाठ, शंका विचारायची सोय, सगळं मोफत. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षा केंद्रावर जायचं, त्याची फी साधारण हजार रुपये. अमेरिकेतल्या एमआयटीने तर आपले वर्ग जगाला फुकट खुले करायचं २००१ मध्येच जाहीर केलं होतं. गिल्बर्ट स्ट्रँग यांचा लिनियर अल्जिब्राचा वर्ग सातपूरच्या कामगार वस्तीतल्या मुलीलाही पहिल्या बाकावरून ऐकता येतो.

मी अंबडच्या कारखान्यात क्वालिटीत, म्हणजे माल तपासायच्या विभागात, काम करतो, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, आयटीआय झालेला पोरगा उभा असतो. जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, काढला, मायक्रोमीटर लावला, माप पाच मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) वर दिसलं की लगेच ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेचं सेटिंग, बदलतो. पुढचा जॉब खाली गेला की पुन्हा बदलतो. त्याला वाटतं आपण काळजीपूर्वक काम करतोय. प्रत्यक्षात मशीन व्यवस्थित चाललेलं असताना प्रत्येक मापामागे असं धावलं की मापांमधला फरक कमी न होता वाढतो. मशीनची स्वतःची जी नैसर्गिक चढउतार असते तिला हात लावायचा नसतो, तिच्या बाहेर काही गेलं तरच कारण शोधायचं. कंट्रोल चार्ट म्हणजे एकामागून एक घेतलेली मापं मांडायचा आलेख; त्याच्या मर्यादेच्या रेषा ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सवरून (म्हणजे चालू शकणाऱ्या फरकावरून) काढत नाहीत, प्रक्रियेच्या स्वतःच्या मापांवरून काढतात, ते याचसाठी. ही गोष्ट समजावणारी अप्रतिम व्याख्यानं फुकट पडून आहेत. आमच्याकडच्या एका सेटरने, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याने, सेकंड शिफ्ट संपल्यावर रात्री ती पाहिली आणि स्वतः वहीत चार्ट काढायला लागला. लाइनवर त्याचं बोलणंच बदललं. ‘साहेब, आज मशीन बिघडलंय’ म्हणणारा माणूस ‘सकाळपासून सात पॉइंट मधल्या रेषेच्या एकाच बाजूला पडलेत, टूल बघूया का’ असं विचारू लागला. पगार वाढला की नाही हा वेगळा प्रश्न, पण त्या माणसाची मान ताठ झालेली मी पाहिली आहे.

आरोग्याचं तर मला याहून महत्त्वाचं वाटतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात संगणकाच्या धड्यांसोबत पोषण आणि स्तनपानाचे छोटे व्हिडिओ आहेत, मराठीतही. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं हवं, डोकं, मान आणि अंग एका सरळ रेषेत हवं, तोंडात फक्त स्तनाग्र न येता त्याभोवतीचा, विशेषतः खालचा काळसर भागही यायला हवा, हे सगळं त्यात प्रत्यक्ष दाखवलंय. पकड नीट नसेल तर बाळाला पुरेसं दूध मिळत नाही, वजन वाढत नाही, आणि घरात सगळे म्हणतात, आईलाच दूध नाही. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर आशाताईच्या फोनमध्ये हे व्हिडिओ असले तर किती बायकांचा उगाच होणारा अपमान थांबेल! आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी गावोगावी हे धडे पोचवायचं मनावर घेतलं तर केवढं काम होईल.

कलांच्या बाबतीत मराठीत अजून फार कमी आहे, हे खरं. तरी हिंदुस्थानी संगीत ऐकायचं कसं हे शिकवणारा अभ्यासक्रम एनपीटीईएलवर आहे, आणि विष्णु दिगंबरांच्या पंचवटीत त्याला विद्यार्थी मिळू नयेत असं मला वाटत नाही. वाईत घडलेला मराठी विश्वकोश तर आता कोणीही फोनवर उघडू शकतो.

मग अडतं कुठे? अशा खुल्या अभ्यासक्रमांना नाव नोंदवणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत पोचणारे साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतात. त्यांना आळशी म्हणणं मला पटत नाही. इंग्रजी अडतं. घरात टीव्ही चालू असतो. तिसऱ्या आठवड्यात एक समीकरण कळत नाही आणि विचारायला शेजारी कोणी नसतं. माणूस एकटा पडतो आणि गळतो.

हे ओळखणारी संस्था नाशकातच आहे. १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं राहिलं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलेल्या या विद्यापीठाने पुस्तकं घरी पाठवली, तरी अभ्यासकेंद्रं ठेवली, संपर्कसत्रं ठेवली. शेतात राबणारी बाई किंवा नोकरी करणारा बाप पदवीधर झाला तो पुस्तकाइतकाच त्या रविवारच्या वर्गामुळे. फोनवर व्याख्यान आल्यापासून आपण तो रविवारचा वर्ग मात्र विसरलोय.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अभ्यासिकावाल्यांनी आठवड्यातून एका संध्याकाळी दोन तास एक खोली सोडावी. १८४० पासून चालत आलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय आहे, वॉर्डावॉर्डात नगरसेवकांनी बांधलेली सभागृहं आहेत, त्यांनीही दार उघडावं. एक स्क्रीन, एक फळा, दहाबारा माणसं. व्हिडिओ दहा मिनिटं चालवायचा, थांबवायचा, मराठीत त्यावर बोलायचं, मग पुढे. शिकवणारा तज्ज्ञ नसला तरी चालेल. आधी तोच अभ्यासक्रम पूर्ण केलेला एक जण पुरे. निवृत्त शिक्षकांना हे काम आवडेल, आणि नाशकात त्यांची कमी नाही.

स्वयमची नवी सत्रं जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. सिडको-अंबड भागात संध्याकाळी सातनंतर खोली देता येत असेल तर मला कळवा. संख्याशास्त्र आणि कंट्रोल चार्टची पहिली तुकडी मी घेतो. शिफ्टवाल्यांसाठी वार आलटूनपालटून ठेवू.