अध्यक्ष बदलला, गाडी बदलू नका

आमच्या बैलगाडी शर्यत कमिटीचा अध्यक्ष बदलला. जुन्यानं राजीनामा दिला असं एक गल्ली म्हणते, द्यायला लावला असं दुसरी म्हणते. नव्याचं फेटा, शाल, नारळ सगळं झालं. फोटोत मी पण आहे, मागच्या रांगेत, अर्धाच. खाली अभिनंदन लिहिणाऱ्यांतल्या निम्म्यांना भांडण कशावरून झालं तेच माहीत नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

बेळगाव तालुक्याबाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं रिकामी गाडी पळवायची शर्यत असते. एका वेळी एकच जोडी. शिट्टी झाली की घड्याळ सुरू, मिनिट भरलं की दुसरी शिट्टी, चाक असेल तिथं चुन्याची खूण, मग टेप. ज्याचे फूट जास्त तो पहिला. बैल ज्याचे त्याचे, पण गाडी कमिटीची आणि सगळ्यांना तीच. एवढ्या एका गोष्टीमुळं दोन एकरवाला शेतकरी आणि प्लॉट पाडून गब्बर झालेला माणूस एकाच मैदानात उतरू शकतात.

गेल्या वर्षी वरच्या गल्लीतल्या एकानं स्वतःची गाडी आणली. कमिटीच्या गाडीचं डावं चाक धरतंय, असं त्याचं म्हणणं. जुन्या अध्यक्षांनी "यंदापुरतं राहू दे" म्हणून सोडलं. यंदापुरतं! सीमाभागात जन्म काढलेल्या माणसांना "तूर्तास" आणि "यंदापुरतं" या शब्दांचं वजन मी सांगायला पाहिजे का? यंदा अकरा जण स्वतःच्या गाड्या घेऊन तयार. खडाजंगी झाली आणि अध्यक्ष गेले.

आता माझा नेहमीचा विषय. "आला परत होडी घेऊन" म्हणून हसा खुशाल. पाणी म्हटलं की आपल्याला राकसकोपचा तलाव आठवतो, तोही नळाला कधी येणार या काळजीनं. पण फौजेत असताना मी मुंबईला चार मोसम शिडाची होडी चालवलीय. लेझर. एकच माणूस, एकच शीड, लांबी सव्वाचार मीटरच्या आत-बाहेर, शीड-काठी सोडून वजन 59 किलो. ब्रूस कर्बी नावाच्या कॅनडाच्या माणसानं 1969 साली तिचा आराखडा काढला आणि 1996 पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. (समुद्र नाही म्हणून कुणी नाक मुरडू नका. 2023 च्या एशियाडमध्ये याच जातीच्या छोट्या शिडाच्या होडीत रौप्य मिळवणारी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली.)

लेझरची गंमत आमच्या गाडीसारखीच आहे. होडी सगळ्यांची एकसारखी, फरक काय तो चालवणाऱ्यात. बांधायची ती परवाना असलेल्या कारखान्यानंच, ठरलेल्या पुस्तिकेप्रमाणं. शिडाचंही तसंच. आमच्या वेळी अधिकृत शिडाच्या पुढच्या खालच्या कोपऱ्याशी एक लाल बटण असायचं. तसंच दिसणारं, तसंच चालणारं शीड बाहेर बरंच स्वस्त मिळायचं. शर्यतीच्या आदल्या दिवशी मोजणी करणारे साहेब उकिडवे बसून, बोटानं चाचपून ते बटण बघायचे. माझ्या शेजारच्या पोराच्या शिडाला ते नव्हतं. "सर, कापड सेम आहे!" म्हणून तो रडकुंडीला आला. साहेब म्हणाले, "असेल." आणि पुढच्या होडीकडं गेले. तेव्हा मला साहेबांचा राग आला होता.

पुढं या होडीच्या जागतिक संघटनेत आमच्या कमिटीपेक्षा मोठी भांडणं झाली. 2011 साली सभासदांचं मतदान घेऊन, होडी बांधायला कर्बीची परवानगी पाहिजे ही नियमातली अट काढली आणि 2013 पासून होडीवरच्या पट्टीवरचं त्याचं नावही गेलं. म्हातारा कोर्टात गेला. माझ्या मते ते बरं झालं नाही. ज्यानं गाडी घडवली त्याचं नाव आखावरून घासून काढायला बहुमत कशाला वापरायचं? पण 2019 ला संघटनेनं जे केलं त्याला माझा सलाम. लेझरपरफॉर्मन्स ही मोठी बांधणारी कंपनी. तिनं कारखान्याची तपासणी करू दिली नाही, म्हणून संघटनेनं तिचा परवानाच काढला. त्या कंपनीकडचा लेझर हे नाव वापरायचा हक्क आडवा आला, तर नाव सोडलं आणि होडीला 'इल्का' म्हणायला लागले. पन्नास वर्षं कमावलेलं नाव गेलं, पण तपासणीचा हक्क सोडला नाही.

कारण तयार होडी मोजून कळत नाही. लांबी बरोबर, वजन बरोबर, तरी आत काय भरलंय ते बांधतानाच बघावं लागतं.

हेच मी परवाच्या बैठकीत सांगत होतो. नवे अध्यक्ष माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मला मामा म्हणतात, माणूस सरळ आहे. त्यांनी मधला मार्ग काढला होता: स्वतःची गाडी चालेल, पण वजन कमिटीच्या गाडीएवढं पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "अध्यक्ष, आधी काट्यावर चला." दुसऱ्या दिवशी दोन्ही गाड्या उसाच्या वजनकाट्यावर नेल्या. ट्रॅक्टरवाले आधी हसले, मग मोबाईल काढून शूटिंग करायला लागले. पावती कन्नडमध्ये, पण आकडे आकडेच असतात. वरच्या गल्लीतली ती पळणारी गाडी कमिटीच्या गाडीपेक्षा जड निघाली!

अध्यक्ष पावतीकडं बघतच राहिले. मग गाडीवाल्यानंच हसत चाकाचं टोपण काढून दाखवलं. आत बेअरिंग होतं, तेही नवं कोरं. आमच्या गाडीला अजून वंगणाची चिंधी आहे. म्हणजे वजनाचा नियम केला असता तर त्यानं आनंदानं पाळला असता आणि पुढच्या वर्षी अकराच्या अकरा जण बेअरिंगच्या दुकानात उभे राहिले असते.

"मग मामा, आता?"

म्हटलं, गाडी कमिटीचीच ठेवायची आणि शर्यतीच्या सकाळी ती सगळ्यांसमोर उघडून दाखवायची. पण त्याआधी ते डावं चाक बघा. त्या माणसाचं म्हणणं गेलं वर्षभर कुणी तपासलेलं नाही, नुसतं त्याच्यावर ओरडलेत सगळे. त्यात मी पण आलो.

चाक सध्या सुताराकडं आहे. चाकाच्या मधला तुंबा आतून चिरलेला निघाला.