शिफ्ट सुटल्यावरचं कॉलेज

भाच्याची दहावी झाली आणि घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. काकांचं म्हणणं, अकरावी सायन्स आणि मग डिग्रीच. डिप्लोमावाल्याला स्थळं येत नाहीत. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना असलेला मावसभाऊ म्हणतो, डिग्रीवाल्या पोराला जाडी मोजायचा मायक्रोमीटर धरता येत नाही, त्यापेक्षा आयटीआय बरं. मी मिशिगनमध्ये कारखान्यात नोकरी करते आणि संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात क्वालिटी कंट्रोल शिकते. मला दोघांचंही पटत नाही. दोघेही सोळा वर्षांच्या पोराबद्दलच भांडतात. चाळिशीतल्या कामगाराने शिकायचं कुठे, हे कुणी विचारत नाही.

इथे प्रवेश परीक्षा नाही. कोर्स कागदावर दोन वर्षांचा, साधारण साठ क्रेडिटचा. पण बहुतेकजण एका सत्रात एखाद-दुसरा विषय घेतात आणि रमतगमत पुरा करतात. परवा लॅबमध्ये दहा पीस, तिघंजण, प्रत्येकाने तीनदा मोजायचे, असा गेज आर अँड आर, म्हणजे मोजणीवर किती विश्वास ठेवायचा त्याची चाचणी केली. माझ्याबरोबर कारखान्यातल्या प्रेस मशिनवर उभं आयुष्य गेलेले एक गृहस्थ आणि एक मिसरूड फुटलेला पोरगा. नव्वद रीडिंग झाली. कोण चुकलं हे मास्तरांनी विचारलंच नाही. फरक पीसमधला किती, गेजचा किती आणि मोजणाऱ्याच्या हाताचा किती, एवढंच काढायला लावलं. मोजण्यातलाच फरक एकूण फरकाच्या तीस टक्क्यांच्या वर गेला, तर त्या गेजवर मोजून पीस रिजेक्ट करायचा हक्कच नाही.

आपल्याकडे ‘क्वालिटीवाला’ म्हणजे शेवटी येऊन लाल रंग मारणारा माणूस. मशिनिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे ओतताना आत वायू अडकून झालेलं भोक, उघडं पडतं, कास्टिंग भंगारात जातं, आणि साचा करणाऱ्या मोल्डिंगवाल्याला त्याचा पत्ताही नसतो. अमेरिकेतल्या वॉल्टर शूहार्टने कंट्रोल चार्ट, म्हणजे मर्यादारेषा आखलेला मोजमापांचा आलेख, १९२४ साली मांडला तो हेच टाळायला: ऑपरेटरने स्वतः त्यावर ठिपका मांडायचा आणि माल बिघडायच्या आत मशिन थांबवायचं. जुन्या ऑपरेटरांना हे चटकन कळतं, कारण मशिनचा आवाज बदललेला त्यांना आधीच ऐकू आलेला असतो.

कागदावर आपल्याकडेही वाट आहे. आयटीआयवरून थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, तिथून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. पण मायक्रोमीटर पोस्टाने शिकता येत नाही, आणि कोल्हापूरच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतून शिफ्ट सुटते तेव्हा कॉलेजांच्या लॅबला बहुधा कुलूप असतं. शाळा असून पोरांना शहरात राहायला जागा नाही, हे ओळखून शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं काढली. आजची अडचण त्याच जातीची आहे, फक्त ती जागेची नाही, वेळेची आहे.

इथलंही सगळं गोड नाही. फी बोचते, आणि अर्ध्यावर सोडणारे पुष्कळ. घरात पोर आजारी पडलं की पहिली सुट्टी वर्गालाच.

भाच्याने कुठेही जावं, हुशार आहे. मावसभावाला मी विचारलं, तुझ्या माल तपासणाऱ्या इन्स्पेक्टरला आठवड्यातून दोनदा तासभर लवकर सोडशील का, पगार न कापता? म्हणाला, “शिकून दुसरीकडं गेला तर?” भीती खोटी नाही. इथे फी भरणाऱ्या काही कंपन्या तीच भीती कागदावर उतरवतात: फी आम्ही देतो, पण अमुक काळ नोकरी सोडायची नाही, सोडलीस तर पैसे परत. तसा करार शिरोलीतही होईल. कोल्हापुरात वकिलांना काय तोटा?