मुलांना ‘नको’ म्हणता आलं पाहिजे: लैंगिक शिक्षणाविरुद्धच्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात नणंदेनं घरच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. खाली तिची ओळ: “वहिनी, तुझ्या शाळेत पण हे शिकवतात का गं? मी तर फॉर्मवर सही केली नाही.” तिची मुलगी सातवीत आहे. शाळेनं किशोरवयातल्या आरोग्यावर काही तास ठेवले, पालकांची संमती मागवली आणि हा मजकूर वाचून नणंदेनं नकार कळवला. आता त्या तासांना वर्गातल्या बाकीच्या मुली बसतील आणि आमची भाची ग्रंथालयात. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. हा मजकूर याआधीही माझ्याकडे आला होता आणि मी तो पुसून टाकला होता. पण त्याच्यापायी घरातल्या पोरीचं नुकसान होतंय म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

‘पालकांनो, जागे व्हा’ असा मथळा आणि खाली सहा मुद्दे. शाळेत हे शिकवलं की मुलं प्रयोग करायला लागतात, अमेरिकेत असंच झालं. हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आपल्या संस्कृतीत बसत नाही. वेळ आली की सगळं आपोआप कळतं, आपल्याला कुणी शिकवलं होतं? ‘गुड टच, बॅड टच’ शिकवून मुलांच्या मनात काका-मामांविषयी संशय पेरतात आणि घरं मोडतात. सहावी-सातवीची मुलं याला फार लहान आहेत. आणि शेवटी, हे आईवडिलांचं काम आहे, शाळेनं यात पडू नये.

क्रमानं जात नाही. आधी चौथा मुद्दा घेते, कारण त्यानं मुलांचा जीव थेट धोक्यात येतो.

२००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं बालकांवरच्या अत्याचारांचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यं, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही, आणि १२,४४७ मुलं. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी आपल्यावर कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. या आकड्यामागची व्याख्या व्यापक होती हे खरं; अश्लील चित्रं दाखवणंही त्यात धरलं होतं. मग फक्त गंभीर प्रकार घ्या. तोही आकडा जवळपास २२ टक्के निघाला. चाळीस मुलांच्या वर्गात आठ-नऊ मुलं. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे आणि विश्वासातले होते. अत्याचार सोसलेल्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा थोडं जास्तच भरलं. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कधीच कुणाला सांगितली नव्हती. हा अहवाल आपल्याच सरकारचा आहे, कुणा परदेशी संस्थेचा नाही. पुढे पोलिसांपर्यंत पोचलेल्या प्रकरणांत तर चित्र आणखी स्पष्ट आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखालच्या, बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांच्या वर आहे.

आता आपण घरी मुलांना काय शिकवतो ते बघा. अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको, त्याच्यासोबत जाऊ नको. धोका बहुतेक वेळा ओळखीच्या दारानं येतो आणि आपण राखण दुसऱ्याच दाराची करतो. शाळेतला तास नेमकी हीच उणीव भरून काढतो. त्यात कुठल्याही काकाचं नाव घेत नाहीत. तीन गोष्टी सांगतात: पोहायच्या कपड्यांनी झाकलेल्या भागाला, आंघोळ-स्वच्छता किंवा डॉक्टरांची तपासणी सोडून, कुणीही हात लावायचा नाही, कुणी लावला तर ‘नको’ म्हणून तिथून निघायचं, आणि त्यानं ‘कुणाला सांगू नको’ म्हटलं तरी सांगायचंच, समोरच्यानं विश्वास ठेवला नाही तर दुसऱ्याला सांगायचं. ज्या काकाच्या मनात काही नाही त्याचं यात काय बिघडतं?

आमच्याकडे एक साधा उपक्रम घेतात. मुलं कागदावर स्वतःचा पंजा ठेवून पेन्सिलीनं गिरवतात आणि प्रत्येक बोटावर अशा माणसाचं नाव लिहितात, ज्याला काहीही सांगितलं तरी तो रागावणार नाही. बहुतेकांची पाचही बोटं पटापट भरतात. गेल्या वर्षी पाचवीतल्या एका मुलानं फक्त अंगठ्यावर ‘आजी’ लिहिलं आणि बाकीची चार बोटं रंगवून टाकली. त्याच्या बाईंनी तो कागद बाजूला काढून ठेवला, नंतर त्याच्याशी बोलल्या, घरच्यांशी बोलल्या. अत्याचाराचं काही नव्हतं. घरात सतत भांडणं होती आणि पोरगं धास्तावलेलं होतं. ते तरी कळलं कधी? त्या तासाला.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या लैंगिक अत्याचाराची बातमी आली आणि संतापलेले लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्या आठवड्यात आमच्या याच घरच्या ग्रुपवर ‘प्रत्येक शाळेत गुड टच, बॅड टच सक्तीचं करा’ असे मजकूर फिरत होते. आज त्याच ग्रुपवर तेच शिक्षण घरं मोडणारं ठरतं, याची मला चीड येते. बदलापूरचा प्रकार उघड झाला तोसुद्धा मूल घरी बोललं म्हणून. पोरांची ही बोलण्याची वाट बंद करा, असं सांगणारा मजकूर संस्कृतीच्या नावानं कुणीही पुढे ढकलू नये.

‘मुलं प्रयोग करतात’ या मुद्द्याला पुरावा म्हणून फक्त ‘अमेरिका’ हा शब्द आहे. युनेस्कोनं २०१८ साली लैंगिकता शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं सुधारून काढली, तेव्हा २२ पद्धतशीर आढावे (आधीचे अभ्यास एकत्र पारखणारे) आणि ७७ यादृच्छिक चाचण्या (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेले प्रयोग) तपासल्या. अशा शिक्षणानं लैंगिक संबंध लवकर सुरू होतात किंवा वाढतात असं त्यात आढळलं नाही. माहिती वाढली, गर्भनिरोधकांचा वापर वाढला, काही ठिकाणी संबंध उशिरा सुरू झाले. उलट नुसतं ‘लग्नापर्यंत थांबा’ एवढंच सांगणारे कार्यक्रम कुचकामी ठरले. आणि अमेरिकेचंच म्हणाल तर तिथे १५ ते १९ वयाच्या हजार मुलींमागे बाळंतपणं १९९१ मध्ये सुमारे ६२ होती, २०२२ मध्ये ती १४ च्या आसपास आली. याचं सगळं श्रेय शाळेच्या तासाला देता येणार नाही. पण शिकवल्यामुळे वाढलं, हे धादांत खोटं आहे.

आपल्याकडचं बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि १५ ते १९ वयाच्या साडेसात टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. मुलींचं पोरवयात लग्न आपणच लावून देतो, पहिल्या रात्री काय होतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि शाळेतल्या तक्त्यानं मुली बिघडतील म्हणून घाबरायचं?

संस्कृतीच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र १९२१ साली काढलं. १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं आणि त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना मराठीत उत्तरं दिली. त्यापायी १९३४ साली खटला झाला तेव्हा त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. महाराष्ट्राची संस्कृती सांगायची तर यांना वगळून कशी सांगणार? सर्वोच्च न्यायालयानंही सप्टेंबर २०२४ च्या निकालात, हे शिक्षण पाश्चात्त्य आहे आणि त्यानं मुलं स्वैर होतात, या दोन्ही समजुतींना गैरसमज म्हटलं आहे.

‘आपोआप कळतं’ हे वाक्य मात्र मला सोडवत नाही. काय कळतं आणि कुणाकडून?

आम्ही तासाच्या आधी वर्गात कुलूप लावलेली पेटी ठेवतो. प्रत्येकानं चिठ्ठी टाकायचीच, नाव लिहायचं नाही, प्रश्न नसेल तर कोरी टाकायची. म्हणजे कुणी विचारलं आणि कुणी नाही हे कुणालाच कळत नाही. मुलांना नेमकं काय हवंय हे समजून घ्यायची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. त्या चिठ्ठ्यांमधले काही प्रश्न जसेच्या तसे देते. ‘एक छाती मोठी एक लहान आहे, कॅन्सर आहे का.’ ‘पाळीत रक्त जातं तर ते परत भरतं का.’ ‘मिठी मारल्यावर दिवस जातात का.’ ‘झोपेत कपडे ओले होतात, मला काही रोग झालाय का, आईला सांगू नका.’ ‘एक जण म्हणतो फोटो पाठव नाहीतर जुना सगळ्यांना दाखवीन, काय करू.’

शेवटची चिठ्ठी वाचल्यावर त्या दिवशीचा तास आम्ही बदलला. फोटो कुणी मागितला तर काय करायचं, कुणाला सांगायचं, अठराच्या आतल्या मुलाचा असा फोटो जवळ ठेवणं नि पुढे पाठवणं हा गुन्हा कसा आहे, आणि १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा नंबर कशासाठी, हे सगळ्या वर्गाला सांगितलं. हे कुणाला आपोआप कळणार होतं?

मुलग्यांचे हाल तर कुणी विचारतच नाही. झोपेत वीर्य जाणं ही वयात येताना घडणारी नैसर्गिक गोष्ट आहे, पण ‘शंभर थेंब रक्ताचा एक थेंब’ हे पोरांनी कुठून तरी ऐकलेलं असतं. वीर्य गेल्यानं ताकद जाते या भीतीपोटी माणसं खरोखर थकतात, खचतात. डॉ. नरेंद्र विग या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० साली या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. याच भीतीवर रेल्वेरुळांच्या कडेच्या भिंतींवरचे ‘गुप्तरोग’वाले वैद्य पोट भरतात. आता त्यात मोबाइलची भर पडली आहे. पोर्न बघून जे ‘कळतं’ त्यात संमती नसते आणि बाईची इच्छाही नसते.

आणि आपल्या आधीच्या पिढीला कुणी शिकवलं नव्हतं, तर तिचं सगळं छान चाललं होतं का? डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के. बाकीच्यांनी मूग गिळून दुखणं अंगावर काढलं होतं. पुढे राणीताईंनी पोरांसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरं सुरू केली.

वयाचा मुद्दा एका ओळीत संपतो. बहुतेक मुलींना पाळी बारा-तेराच्या सुमारास येते, काहींना दहाव्या-अकराव्या वर्षीच. बालभारतीच्या पुस्तकात मानवी प्रजनन येतं दहावीत, आणि तोही धडा कित्येक शाळांत ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देतात. सातवी लहान नाही, सातवीला थोडा उशीरच झालेला असतो.

राहिला आईवडिलांचा मुद्दा. यात अर्धं खरं आहे ते मान्य करते. घरी बोलणं झालंच पाहिजे. आणि शाळांत हे काम सगळीकडे नीट होत नाही, हेही मला डोळ्यांनी दिसतं. पॅड विकणारी कंपनी येते, मुलींना हॉलमध्ये कोंबते, पाकिटं वाटून जाते, तोवर मुलगे मैदानावर. आणि रजिस्टरमध्ये ‘लैंगिक शिक्षण झाले’ अशी नोंद होते. २००७ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळांत हेच शिकवणारा किशोरशिक्षण कार्यक्रम बंद केला, तेव्हा त्यातल्या काही चित्रांवर शिक्षकांनीच आक्षेप घेतला होता. तयारी न केलेल्या शिक्षकाच्या हातात तक्ते दिले की असंच होणार. केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२० पासून सरकारी आणि अनुदानित शाळांत दोन शिक्षक, शक्यतो एक शिक्षक आणि एक शिक्षिका, प्रशिक्षित करायची तरतूद आहे. तुमच्या मुलांच्या शाळेत ती दोघं कोण आहेत, कुणाला माहीत आहे का?

पण घरी बोलायचं काम घरी होतंच, असं धरून चालता येत नाही. नणंदेला मी फोनवर विचारलं, “तू बोललीस का तिच्याशी?” “अगं, बोलायचंय, पण सुरुवात कशी करू तेच कळत नाही,” म्हणाली. बहुतेक आयांचं असंच आहे. आणि जिथे त्रास देणारा माणूस घरातलाच असतो, तिथे ‘हे घरानं शिकवावं’ म्हणण्याचा अर्थ त्या पोराला त्याच घरात कोंडणं असा होतो.

म्हणून पालकसभेला जा आणि शाळेला धारेवर धरा. कोण शिकवणार आहे, त्यांचं प्रशिक्षण कुठे झालं, मुलग्यांचा तास आहे का, शिकवायचं साहित्य आम्हाला आधी दाखवाल का, मुलांचे प्रश्न आधी मागवले होते का, आणि एखाद्या मुलानं काही सांगितलं तर पॉक्सोप्रमाणे ते पोलिसांना कळवायची जबाबदारी कोण घेणार. उत्तरं मिळेपर्यंत उठू नका. मागणी तास नीट घ्या अशी करा, रद्द करा अशी नाही. आणि तोवर संमतीच्या फॉर्मवर सही करा.