रेसकोर्सच्या उद्यानाला आधी विश्वस्त हवेत

महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकरांवर सार्वजनिक उद्यान करायचं ठरल्यापासून मुंबईतल्या मित्रांशी फोनवर दुसरा विषय निघत नाही. कुणाला कोस्टल रोडकडे जाणाऱ्या भुयारी मार्गाची काळजी, कुणाला जागा हळूहळू बिल्डरांच्या घशात जाईल अशी धास्ती. धास्ती रास्तच आहे. पण उद्यान झाल्यावर ते चालवणार कोण, हे फारसं कुणी विचारत नाही. मला तोच प्रश्न सर्वांत मोठा वाटतो.

मी इंग्लंडमध्ये सरे परगण्यात राहतो. इथे कोबमजवळ पेन्सहिल नावाचं उद्यान आहे. चार्ल्स हॅमिल्टन या उमरावाच्या मुलानं १७३८ पासून पस्तीस वर्षं खपून आपल्या जमिनीवर ते घडवलं: वळणावळणाचं तळं, गॉथिक मंदिर, स्फटिकांनी मढवलेली गुहा. कर्जापायी १७७३ मध्ये त्याला ते विकावं लागलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जमिनीचे तुकडे पडले, बागेचं रान झालं, गुहेचं छत कोसळलं.

१९८० मध्ये एल्मब्रिज पालिकेनं त्यातली १५८ एकर जमीन विकत घेतली. मला मोलाचं वाटतं ते पुढचं पाऊल. लगेच १९८१ मध्ये स्वतंत्र ट्रस्ट स्थापन झाला आणि जीर्णोद्धार त्याच्याकडे गेला. त्यांनी जुने कागद धुंडाळले, उत्खनन करून इमारतींचे पाये शोधले, हॅमिल्टनच्या काळात मिळत होती तीच झाडं लावली. १९९८ मध्ये या कामाला युरोपा नोस्ट्रा या वारसा जपणाऱ्या युरोपीय संस्थेचं पदक मिळालं, तरी गुहेचं काम त्यानंतरही कित्येक वर्षं चालूच होतं. दरम्यान पालिकेच्या कितीतरी निवडणुका झाल्या. काम त्यांच्यापायी अडलं नाही.

पेन्सहिलला तिकीट आहे. मुंबईत ते मला मुळीच मान्य नाही. वरळीच्या चाळीतल्या आजोबांना सकाळच्या फेरीसाठी पैसे मोजावे लागले, तर ते उद्यान सार्वजनिक कसलं? देखभालीचा खर्च पालिकेनंच अर्थसंकल्पात कायमचा राखून ठेवावा.

पण ट्रस्ट हवाच, आणि तो पहिली निविदा निघण्याआधी हवा. त्यात वृक्षतज्ज्ञ असावेत, रोज तिथे चालायला येणारे असावेत, आसपासच्या वस्त्यांतले रहिवासी असावेत. जमिनीखाली काही खोदायचं असेल तर त्यांची लेखी संमती बंधनकारक करावी आणि दरवर्षीचा हिशेब मराठीत जाहीर व्हावा.

मित्रांनो, हरकती नोंदवाल तेव्हा ही मागणी सर्वांत वर लिहा.