उद्योगमंत्री होणाऱ्यांनी आधी वाचावे

अभिनंदन! उद्योग खातं मिळालंय, तर आधी लोकरीचा कोट शिवायला टाका. परकीय गुंतवणूक मंत्रालयाच्या पायऱ्या चढत नाही, तिला आणायला दावोसच्या बर्फात जावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राने तिथे सुमारे १५.७ लाख कोटींचे सामंजस्य करार केले. त्यातल्या एका बड्या कंपनीचं मुख्यालय मुंबईतच आहे, टॅक्सीनेही जाता आलं असतं. पण टॅक्सीतल्या मंत्र्याचा फोटो कोण छापतो?

अभ्यासाला मात्र कोकणातला दाभोळचा वीजप्रकल्पच घ्या. जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचं पथक मुंबईत उतरलं आणि आठवडा उलटायच्या आत वीज मंडळाशी सामंजस्य करार झालासुद्धा. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायला याहून जास्त हेलपाटे पडतात.

पुढचा, म्हणजे वीज खरेदीचा करार कसा असावा? खानावळीचा डबा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही जेवा, उपास करा, नाहीतर गावाला जा, महिन्याचे पैसे द्यायचेच. गॅस महागला तर फरक तुमच्या माथी. हिशेब डॉलरात, म्हणजे रुपया घसरला की पोळी महाग. शिवाय तुम्ही पैसे थकवलेत तर मामा जामीन, आणि मामाला आजोबा जामीन. (अनुक्रमे राज्य सरकार आणि केंद्र सरकार.) हा डबा परवडायचा नाही म्हणून जागतिक बँकेने १९९३ मध्ये कर्ज नाकारलं. दुर्लक्ष करा. जागतिक बँकेचा दाखला ती कौतुक करते तेव्हाच द्यायचा असतो.

पैसे खाल्ल्याचा आरोप झाला तर गडबडू नका. भारतीयांना शिक्षित करण्यावर वगैरे दोन कोटी डॉलर खर्च झाले, असं कंपनीच्या अधिकारी बाईंनीच १९९५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलंय. शाळा कुठली, पटावर कोण, असले प्रश्न विचारू नयेत.

विरोधी बाकावर असाल तर प्रकल्प अरबी समुद्रात बुडवायची घोषणा करा. १९९५ मध्ये अशी घोषणा करणाऱ्या शिवसेना-भाजप युतीची सत्ता आल्यावर करार रद्दही झाला. मग वाटाघाटी झाल्या आणि २०१५ मेगावॉटचा प्रकल्प २१८४ मेगावॉटचा होऊन वर आला. खाऱ्या पाण्यात काही गोष्टी फुगतात.

१९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये परवडेना म्हणून मंडळाने ती घेणं थांबवलं, आणि त्याच डिसेंबरात तिकडे अमेरिकेत कंपनीचंच दिवाळं वाजलं. तेव्हा हिशेब पक्का ठेवा: पहिली सही ते पहिलं बिल, यात सात वर्षं हाताशी असतात. तेवढ्यात मत्स्यव्यवसाय खातं मागून घ्या.